नलूच्या गादीतलं हळकुंड

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी अठरा वर्षांचा होतो आणि आमच्या गावात माझ्यासारखा कापूस कोणी पिंजत नाही, असं मला वाटत होतं. वाटत होतं कशाला, खरंच होतं. अब्बा दोन वर्षांआधी गेले होते. छातीत कापूस बसला आणि खोकून खोकून गेले. त्यांचं पिंजण माझ्या हाती आलं ते तसं, न मागता. गावाचं नाव मी लिहीत नाही. कापसाच्या बाजाराचं गाव, आमच्या जिल्ह्यात अशी पुष्कळ आहेत. शाळा माझी चौथीपर्यंतच. हे लिहितो आहे ते नातीच्या अर्ध्या भरलेल्या वहीत. ऱ्हस्व-दीर्घ ती पाहते, मजकुराला मी तिला हात लावू देत नाही.

घर म्हणजे एक खोली आणि पुढं अंगण. अंगणात कडुनिंब, त्याच्या फांदीला दोरीनं पिंजण टांगलेलं. माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य, त्याला दिग्रसच्या बाजारातून आणलेली बकऱ्याच्या आतड्याची तांत. लाकडी दस्त्यानं तांत मारली की ती कापसात शिरून थरथरायची, आणि दगडासारखा बसलेला कापूस दुधाच्या साईसारखा वर यायचा. टण्ण, टण्ण, टणण्ण. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत तोच आवाज. शेजारचे लोक म्हणायचे, बशीरचं पिंजण थांबलं की आम्हाला झोप येत नाही. कापूस सगळीकडे असायचा, भुवयांवर, चहात, अम्माच्या पदरात. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी हे आमचं रोजचं जेवण. भाकरीवर एखादा पांढरा तंतू दिसला नाही तर समजायचं, आज काम नाही.

अम्मा, म्हणजे हमीदाबी, गादीत कापूस भरायची आणि टाके घालायची. घरची आमची बोली अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी. इथं मी ती वऱ्हाडीतच मांडतो. अम्माची एक रीत होती. नवरीची गादी भरली की चौथ्या कोपऱ्याचा टाका ती घालत नसे. नवरीलाच बोलावून घ्यायची, तिच्या हातात लाल दोऱ्यानं गुंडाळलेलं हळकुंड द्यायची, गाठ तिलाच मारायला लावायची आणि तिच्याच हातानं ते कापसात आत सारून घ्यायची. मग टाका. दुसऱ्या कुठल्या पिंजाऱ्याकडे ही रीत मी पाहिली नाही. मी एकदा विचारलं, "अम्मा, कायले हे?" तर म्हणाली, "पोरगी दुसऱ्याच्या घरी जाते. तिचं सोताचं म्हनून एक तरी तिथं पाह्यजे, कोनाले न दिसनारं."

आमच्या मागच्या भिंतीपलीकडे कचेरीतल्या एका कारकुनाचं घर होतं. त्यांची मुलगी नलू. माझ्याहून वर्षानं मोठी. लहानपणापासून भिंतीवरून उडी मारून आमच्या अंगणात. अम्माला ती खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी भिंतीआड उभ्या उभ्या प्यायची, आणि तिची आई, आम्ही तिला काकू म्हणायचो, भिंतीपलीकडून म्हणायची, "पिऊन घे वो बाई, पन तोंड पुसून ये, तुया बाबाले दिसन." काकूला सगळं माहीत असायचं.

तिच्या लग्नाची गादी मीच पिंजली. नलू पिंजलेल्या ढिगावर जाऊन बसली. अम्मा ओरडली, "उठ वो, बसवून टाकशीन सारा!" नलू हलली नाही. हात पसरून म्हणाली, "खाला, कापसात बसलं का मानसाले वजनच नसते." मग हळकुंडाला गाठ मारली. एक मारली, दुसरी मारली, तिसरी मारून दोरा दातानं तोडला. मी म्हणालो, "बैल बांधून राह्यली काय?" ती म्हणाली, "सुटू नये म्हनून. तुया पिंजनानंबी सुटू नये." मी हसलो. माझ्या पिंजणासमोर काय टिकते!

तिला गावातच दिलं, एका आडतवाल्याच्या घरी. त्या घराचंही नाव मी लिहिणार नाही. भीतीनं नाही. माझ्या वहीत मी त्यांना जागा देत नाही.

दीड वर्षानं नलू जळून मेली. स्टो भडकला म्हणाले. बाजारात, चहाच्या टपरीवर, मशिदीच्या ओट्यावर, देवळाच्या पारावर सगळे पुरुष हेच म्हणाले, स्टो भडकला. बाया काहीच म्हणाल्या नाहीत. अम्मानं त्या दिवशी चूल पेटवली नाही आणि मला पिंजण मारू दिलं नाही. इतकंच.

महिना झाला असेल. आडतवाल्यांचा गडी हातगाडीवर मोकळ्या कापसाची पोती घेऊन आला. म्हणाला, "पेढीवरच्या बैठकीच्या गाद्या हायेत. एकीवर कंदील सांडला, घासलेटाचा वास येते. मालकीन म्हने, बशीरच्यानं जाते का इचार, नाईतं दिग्रसले पाठवतो." दिग्रसला पाठवतो! एवढं ऐकल्यावर मी थांबतो होय? म्हणालो, "दोन दिवसानं ये. वास सोड, कापसाले सोताचं नाव आठवनार नाई."

कापूस पाहिला. वरचे काही गोळे काळे पडलेले, जळके. ते मी निवडून चुलीपाशी टाकले. घासलेट मुरलेला कापूस, एका काडीत पेटायचा. दोन दिवस आमचा चहा लवकर झाला. उरलेला मी उन्हात घातला, काठीनं बडवला, एकदा पिंजला, परत उन्हात घातला, परत पिंजला. हात भरून आले. असं काम मी आधी केलं नव्हतं, नंतरही केलं नाही. कापूस असा वर आला की कडुनिंबाच्या सावलीत ढग बसला आहे असं वाटावं. मी एकटाच त्याच्याकडे पाहत उभा राहिलो.

शेवटच्या पोत्यात तांत कशाला तरी अडकली. टण्ण नाही, खट्ट. मला वाटलं खडा आहे. शिवी देऊन उचलून फेकला. तो अंगणात घरंगळत अम्माच्या पायाशी गेला. अम्मा तांदूळ पाखडत होती. सूप हातातून सुटलं.

खडा नव्हता. लाल दोऱ्यानं गुंडाळलेलं हळकुंड होतं. दोऱ्याचं एक टोक काळं पडलं होतं. हळद तशीच पिवळी. आणि तीन गाठी.

अम्मानं ते उचललं नाही. खाली वाकून गाठी मोजल्या. मग म्हणाली, "बशीर, ही बैठकीची गादी नाही."

मी हातातला दस्ता खाली ठेवला.

"स्टो सैपाकघरात भडकला ना? गादीवर घासलेट कुठून आलं?"

आज मी सत्तरीला आलो. त्या हळकुंडाएवढी मोठी गोष्ट मी पुढं आयुष्यात पाहिली नाही. सारं घर मिळून एक गोष्ट पुसून टाकते, गडी, मालकीण, मालक, वरून मी, आणि एक करंगळीएवढं हळकुंड म्हणते, मी इथं होते. माझ्या पिंजणानंही त्या गाठी सुटल्या नव्हत्या.

अम्मानं मला भिंतीपलीकडे पाठवलं. काकू आली. कापसाच्या ढिगाशी गुडघे टेकून बसली, दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले आणि तोंड खुपसून वास घेतला. रडली नाही. केसांवर, कपाळावर कापूस चिकटलेला, तशीच उठली आणि ठाण्यात गेली.

ठाण्यातला जमादार आमच्या अंगणात आला तेव्हा त्यानं ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हा तं पांढराशुभ्र हाये. पांढऱ्या कापसाचा काय पंचनामा करू मी?" मग मला विचारलं, "जळके गोळे कुठं हायेत?" मी चुलीकडे बोट दाखवलं. तो हसला. मला अजून ते हसणं दिसते.

दुसऱ्या दिवसापासून काकू ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसू लागली. घोषणा नाही, भांडण नाही. ताटात तांदूळ घेऊन जायची आणि निवडत बसायची. साहेब आला की सरकून वाट द्यायची, साहेब आत गेला की परत मधोमध. नलूचे बाबा त्याच रस्त्यानं कचेरीत जायचे, खाली मान घालून. शिपाई म्हणायचे, "काकू, घरी निवडा ना." ती म्हणायची, "घरी कोनासाठी निवडू?" अकराव्या दिवशी तक्रार लिहून घेतली. कापूस मात्र नेला नाही. एका पोत्यात दाबून भरला, तोंड शिवलं, गाठीवर लाख लावली आणि म्हणाले, तुमच्याकडेच ठेवा, कोर्टात बोलावलं की आणा.

ते पोतं दोन वर्षं आमच्या आढ्याला टांगलेलं होतं, उंदरांच्या भीतीनं. त्याच्याखाली आम्ही जेवायचो. आडतवाल्यांचा गडी दोनदा मागायला आला. दुसऱ्यांदा सोबत चार माणसं होती. अम्मा दारात उभी राहिली, कमरेला पदर खोचून, माझ्या खांद्याला लागेल एवढी बाई. "तुमचा कापूस म्हनता? कोनत्या तोंडानं? गादी नलूची हाय. तिले म्हना, येऊन घेऊन जाय." ती चार माणसं मागे फिरली. मी आत होतो, हातात दस्ता घेऊन. माझी गरजच पडली नाही.

आता जे लिहायचं आहे ते मी नातीलाही आधी सांगितलं नव्हतं. घासलेट कापसातून पुरतं जात नाही. कितीही पिंजा. मोकळा असला की कळत नाही, दाबून ठेवला की तळातून वास वर येतो. अम्मा दर जुम्म्याला पोत्याला नाक लावायची, मी पाहायचो. ती पाण्याला गेली की मीही लावायचो. वास होता. बारीक, पण होता. आम्ही दोघं एकमेकांशी यावर कधी बोललो नाही. ती का बोलली नाही ते तेव्हा कळलं नाही. माझ्या कामाला तिला नाव ठेवायचं नव्हतं, दुसरं काय.

कोर्टात आधी अम्माची साक्ष झाली. अम्मा आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात उभी होती. आडतवाल्यांच्या वकिलानं हळकुंड दोन बोटांत धरून विचारलं, "बाई, असं हळकुंड कोणत्याही दुकानात मिळतं. मिळतं ना?"

"मिळते."

"आणि तुम्ही प्रत्येक नवरीच्या गादीत घालता?"

"घालतो."

"मग हे कोणत्या नवरीचं, ते कशावरून?"

"जे मेली तिचं. बाकीच्या जित्या हायेत साहेब, त्याइच्या गाद्या अजून उसवल्या नाहीत."

जज्जसाहेबांनी वर पाहिलं. ही बाई माझी आई आहे, जिला सही येत नाही, अंगठा देते, ती एवढ्या माणसांत असं बोलली. मला वाटलं, झालं, जिंकलो.

मग माझी साक्ष. पोतं माझ्या पायाशी, लाखेची गाठ तशीच. वकील म्हातारा होता, गोड बोलायचा. म्हणाला, "तुमचे वडील नामी कारागीर होते, ऐकलं आहे मी."

"होते."

"लोक म्हणतात, पोराला बापाचा हात नाही."

माझं डोकं तापलं. "कोन म्हनते?"

"म्हणतात बुवा. या कापसात घासलेट होतं म्हणता तुम्ही. दोनदा पिंजला म्हणता. मग राहिला असेल थोडा वास? कच्चं काम झालं असेल, चालायचंच. तेव्हा तुम्ही विशीचेही नव्हता."

एवढंच म्हणायचं होतं मला, हो, राहिला. थोडा कच्चा राहिलो. गाठ खोला. दोन शब्द. कोर्टात बाजारातले चार व्यापारी बसले होते, दुसऱ्या मोहल्ल्यातले दोन पिंजारी बसले होते. मी छाती काढून म्हणालो, "माह्या हातून पिंजल्यावर काहीच उरत नाही. वासाचं नावबी नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"लिहून घ्या साहेब," वकील म्हणाला आणि खाली बसला. आमच्या बाजूचा सरकारी वकील कागद चाळत होता, त्यानं मान वर केली नाही.

तेव्हा मागे अम्मा उभी राहिली. "साहेब, पोतं खोला."

शिपाई म्हणाला, बसा. ती बसली नाही. "खोलून नाक लावा साहेब. एक डाव." जज्जसाहेब म्हणाले, तुमची साक्ष झाली बाई, आता बोलता येत नाही. ती तिसऱ्यांदा म्हणाली, "पोतं खोला." बाजूला काकूही उभी राहिली. दोघी बाया, एक नऊवारीत, एक डोक्यावरून पदर घेऊन, हात न धरता शेजारी शेजारी उभ्या. मला वाटलं भिंत हलेल. भिंत हलली नाही. शिपायानं दोघींना बाहेर नेलं. पोतं कोणी खोललं नाही. मी खाली वाकलो असतो, नखानं लाख काढली असती, तरी झालं असतं. मी वाकलो नाही.

दुसऱ्या महिन्यात निकाल. संशयाचा फायदा, असा शब्द होता. निकालात माझं वाक्य होतं, साक्षीदार स्वतःच म्हणतो की कापसात घासलेटाचा अंश नाही. आडतवाले मायलेक, बाप, तिघंही सुटले.

बाहेर झाडाखाली तो सासरा लोकांना पान देत होता. मला पाहून पुढं आला. माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास पोऱ्या! बापाचं नाव राखलं तू. आता त्या कापसाची गादी भरून आन. पोरासाठी बाभुळगावची पोरगी पाह्यली हाय, पंधरवड्यात लगन." त्याचा हात माझ्या पाठीवर होता. मी तो झटकला नाही.

एसटीत अम्मा खिडकीशी बसली, कोर्टानं परत दिलेलं पोतं मांडीवर, लहान मूल घ्यावं तसं, आणि हळकुंड पदराला बांधलेलं. दुपारची उन्हं होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी फुटलेली, पांढरी. अर्धा रस्ता झाल्यावर मी म्हणालो, "अम्मा, मी खोटं बोललो."

"मले माहीत हाय."

"मार मले."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पोत्याच्या कोपऱ्यावर हात फिरवत म्हणाली, "तुले मारून काय होनार हाय? त्या बाभुळगावच्या पोरीले तं मी पाह्यलंबी नाही." मग खिडकीबाहेर पाहत, "तुया आवाज लय दूर जाते बशीर. अब्बापेक्षाबी दूर जाते."

तिला पिंजणाचा आवाज म्हणायचा होता. माझ्या कामाचं कौतुक तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, तेही त्या दिवशी.

आता लोक मशीनवर कापूस पिंजून आणतात. दारोदार फिरणारा पिंजारी माझ्या नातीनं पाहिलेला नाही, म्हणून हे लिहून ठेवतो. फिरतीवर गेलं की आम्ही ओरडत नसू. खांद्यावर पिंजण, आणि चालता चालता दस्त्यानं तांत छेडायची. तो आवाज ऐकून बाया दारात येतात. आणि ज्या घरी लग्न आहे, ते घर पिंजाऱ्याला शोधावं लागत नाही, तेच हाक मारून आत बोलावते. बाभुळगावच्या एका घरून मला अजून दर दिवाळीला अनारशांचा डबा येतो. डब्यावर नाव नसते. मी तो अम्मा होती तोवर अम्मासमोर ठेवत होतो, आता नातीसमोर ठेवतो. ती विचारते, कोणाचा? तिनं हे वाचावं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फांदीवरून पिंजण सोडलं. तांत बदलली, नवी चढवली. रात्री परत आढ्याला टांगलेलं पोतं खाली घेतलं, लाख फोडली, आणि तळातून मूठभर कापूस काढून फडक्यात घट्ट बांधला. अम्मा चुलीपाशी होती. उठली, डब्यातून हळकुंड काढलं, माझ्या खिशात घातलं आणि भाकर बांधून दिली. जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. पहिल्या एसटीनं बाभुळगावला उतरलो. एक गल्ली गेली, दुसरी गेली, मी तांत छेडत होतो. तिसऱ्या गल्लीत, शेणानं नुकत्याच सारवलेल्या अंगणातून एक बाई ओल्या हातानं बाहेर आली. दारावर मांडवाचे बांबू टेकवून ठेवलेले.

"ओ पिंजारीदादा! इकडं या. गादी भराची हाय, पोरीचं लगन हाय माह्या."

"कोन्या गावी देली?"

तिनं सांगितलं. घराण्याचं नावही सांगितलं, कौतुकानं.

मी पिंजण खांद्यावरून उतरवून अंगणात ठेवलं. फडकं सोडून मूठ तिच्यापुढं धरली.

"बाई, गादी मंग भरतो. आधी हे हुंगा. आन पोरीलेबी बाहेर बोलवा. माह्या हातून याच्यात काहीच उरत नाही, असं मी कोर्टात सांगतलं. थे खोटं हाय."